केस दिले तो उन्हाळा

यंदाही तो तसाच आला. काल सकाळी अंघोळीला कोमट पाणी लागत होतं आणि आज दुपारी शाळेतून निघताना स्कूटीच्या सीटवर आधी हात ठेवून बघावा लागला. सोलापुरात उन्हाळा हळूहळू येत नाही, एखाद्या दुपारी तो दारात येऊन उभाच असतो. पटांगणातल्या लिंबाची पानं दोन दिवसांत झडून जातात. वर्गातले पंखे गरम हवा खाली ढकलू लागतात. मुली पाण्याच्या बाटल्या गालाला लावून बसतात, आणि शिपाईमावशी बेंचांवर खडूनं परीक्षेचे नंबर टाकायला लागतात. हे सगळं सुरू झालं की माझा हात आपोआप मानेमागं जातो. तिथं आता खांद्यापर्यंत केस आहेत. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तिथं काही नव्हतं, आणि त्याच्या आधी कमरेखाली जाणारी वेणी होती.

सात रस्त्याजवळच्या मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवते. माझं नाव न आठवणारे पालक मला वेणीवाल्या बाई म्हणायचे. या केसांचं खरं कौतुक आईला. आई केमला असते. करमाळा तालुक्यातलं स्टेशनचं गाव, आणि कुंकवाच्या कारखान्यांचं. आईनं आयुष्यभर तिथं कुंकू चाळलं, पुड्या बांधल्या. संध्याकाळी घरी यायची तेव्हा कोपरापर्यंत लाल असायची. तीनदा पाणी बदलून हात धुवायची आणि मग माझी वेणी घालायला बसायची, तरी माझ्या भांगात एखादा लाल कण राहायचाच. आमचं घर बौद्ध. कुंकू आमच्या कपाळावर कधी आलं नाही, ते आईच्या नखांत असायचं. शकुन, अपशकुन, मांजर आडवं जाणं हे आजोबांनीच उंबऱ्याबाहेर टाकलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण त्या उन्हाळ्यात भीती माझ्या अंगात शिरली ती कुठल्या वाटेनं, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

श्रावणी तेव्हा माझ्या पाचवीच्या वर्गात होती. इथं तिला श्रावणी म्हणते. तिचं खरं नाव लिहायचा हक्क मी त्याच उन्हाळ्यात गमावला. पूर्व भागातलं विणकरांचं घर, घरात तेलुगू आणि शाळेत मराठी. वडील व्यंकटेश टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर होते, आई लक्ष्मी घरी बसून टॉवेलचे काठ शिवायची. फेब्रुवारीत पोरीला ताप येऊ लागला. यायचा, जायचा. पायांवर निळे डाग दिसायला लागले. लक्ष्मी ते दाखवायला शाळेत आली तेव्हा मीच तिला म्हटलं होतं, खेळताना कुठंतरी आपटली असेल. मार्चच्या सुरुवातीला निदान झालं. रक्ताचा कॅन्सर.

मी दवाखान्यात गेले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. लहान मुलांचा वॉर्ड वरच्या मजल्यावर होता, आणि छताची उष्णता खालपर्यंत उतरत होती. खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या होत्या. सोळा-सतरा खाटा, प्रत्येक खाटेवर एक मूल आणि खाटेखाली एक आई. एवढी मुलं असूनही तिथं गलका नव्हता. श्रावणी उशीला टेकून बसली होती आणि तिच्या उशीवर केस पडले होते. लक्ष्मी ते एकेक वेचून कॅरीबॅगेत भरत होती. मला बघून जरा ओशाळली. म्हणाली, “टाकावं वाटंना, बाई.”

श्रावणीनं माझी वेणी हातात घेतली. थोडी ओढून बघितली.

“दुखतं का?”

मी हो म्हणाले.

“माझे दुखतच न्हाईत. नुसते हातात येतात.”

परत जिना उतरताना मी ठरवलं होतं की केस द्यायचे. घरी येऊन चौकशी केली. अशा मुलांसाठी फुकट केसांचे टोप बनवून देणारी एक संस्था परगावी होती. केस बारा इंचांपेक्षा लांब हवेत, रंगवलेले नकोत, कोरडे हवेत, वेणी घालून दोन्ही टोकांना रबर लावून पाठवायचे. एका टोपाला अनेकींचे केस लागतात आणि तो कुणाला मिळेल हे देणारीला कळत नाही. मला ते चाललं असतं. पण माझं मन तेवढ्यावर थांबेना. शाळेत कार्यक्रम करावा, सगळ्यांसमोर वेणी कापावी, आणि त्यानिमित्तानं वॉर्डातल्या मुलांसाठी वर्गणी जमवावी असं मनात आलं. उपचार सरकारी योजनेत बसत होते, तरी गावोगावाहून आलेल्या त्या आयांना खाणं, गाडीभाडं, बाहेरून आणायची औषधं, सगळंच जड होतं. मुख्याध्यापिका लगेच तयार झाल्या. चित्रकलेचे शिंदे सर तर माझ्याहून उत्साही निघाले.

मी व्यंकटेशना विचारायला कारखान्यात गेले. मागांच्या खडखडाटात एक शब्द ऐकू येईना, म्हणून आम्ही बाहेर उन्हात येऊन उभे राहिलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कानातले कापसाचे बोळे काढून हातात धरले होते.

“केस द्या बाई, तुमचे हायत. पैशे जमवा, तितं लई लेकरं हायत. फक्त माझ्या पोरीचा फोटो कुटं लावू नका.”

का, असं मी विचारलं. त्यांनी सोपं उत्तर दिलं. आमच्या गल्लीत लहान लेकराचा फोटो चौकात लागला की त्याचा एकच अर्थ होतो, म्हणाले. मी शब्द दिला.

आठ दिवसांत फारसं काही जमलं नाही. शिक्षकांनी दिलं, काही पालकांनी दिलं, मग थांबलं. शिंदे सर म्हणाले, मॅडम, चेहरा दिसल्याशिवाय लोकांचा हात खिशात जात नाही. माझ्या फोनमध्ये स्नेहसंमेलनाचा एक फोटो होता. दोन वेण्या, मोगऱ्याचा गजरा, पुढचा एक दात अर्धा उगवलेला. मी दोन दिवस तो फोटो उघडून बंद करत राहिले. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तो सरांना पाठवला. मनाला समजावलं की शाळेच्या आतच लावतील. सरांना मात्र तसं सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी मी सात रस्त्याच्या सिग्नलला थांबले होते. समोर फ्लेक्स होता. दुकानदारानं त्याच्याकडं तयार असलेला नमुना वापरला होता, राखाडी आभाळ, कडेनं पांढरी फुलं, मधे गोल चौकट आणि चौकटीत हसणारी श्रावणी. खाली तिचं नाव मोठ्या अक्षरांत. मदतीचं आवाहन, केसदान, शाळेचं नाव हे सगळं त्याच्या खाली इतकं बारीक होतं की जवळ गेल्याशिवाय वाचता आलं नसतं. माझ्या शेजारी सायकलवर एक म्हातारा थांबला होता. त्यानं वर बघितलं, टोपी काढली, क्षणभर मान खाली घातली आणि पुन्हा टोपी घातली.

मला तेव्हाच कळलं होतं. तरी सिग्नल सुटला आणि मी पुढं गेले. माझी पहिल्या तासाला परीक्षेची सुपरव्हिजन होती. दुपारी सरांशी बोलू, असं मी मनात म्हटलं. एवढंच केलं.

पुढचं मला लक्ष्मीनं सांगितलं, पुष्कळ दिवसांनी, कसलाही राग न दाखवता. त्याच दिवशी श्रावणीला चार दिवसांसाठी घरी सोडलं होतं. रिक्षा सात रस्त्यावरून गेली. पोरीनं फ्लेक्स बघितला आणि आपला फोटो दिसल्यावर ती आधी हसलीच. घराच्या गल्लीत रिक्षा वळली तेव्हा गल्लीतले माग बंद होते. त्या गल्लीत माग बंद पडले की माणसं घराबाहेर येतात, कारण ते कुणीतरी गेल्याशिवाय सगळे एकदम थांबत नाहीत. यांच्या दारात चपलांचा ढीग होता. आत बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. रिक्षातून लक्ष्मी उतरताना दिसली तशी एकीनं गळा काढला, आणि मागोमाग स्कार्फ बांधलेली श्रावणी उतरली. त्या बाईचा आवाज मधेच अडकला. 

श्रावणीनं चपला बघितल्या. मग आईला विचारलं, “मम्मी, आपल्यातलं कोण गेलं?”

मी संध्याकाळी गेले. तोवर सरांनी फ्लेक्स उतरवला होता. व्यंकटेश दारातच उभे होते. मी हात जोडले, काहीबाही बोलत राहिले. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

“तुमाला एकच गोष्ट सांगितली होती, बाई,” ते म्हणाले, आणि दार लोटून घेतलं.

वर्गणी त्याच आठवड्यात आली. भरभरून आली. काही लोकांना मूल आजारी आहे असं कळलं होतं, काहींना ते गेलं असं वाटलं होतं, आणि सगळ्यांनी सारख्याच मनानं दिलं. व्यंकटेशनी त्यातला एक पैसा घेतला नाही. सगळं वॉर्डातल्या इतर मुलांकडं गेलं. कार्यक्रम मी रद्द केला.

केस मात्र दिले. एप्रिलमधल्या एका दुपारी, गल्लीतल्या छोट्या पार्लरमध्ये. ऊन आत येऊ नये म्हणून शटर अर्ध्यावर ओढलं होतं. तिथल्या मुलीनं मला दोनदा विचारलं, घरी सांगितलंय ना. मग तिनं वेणीच्या वर रबर बांधलं आणि कात्री लावली. एका झटक्यात वेणी कापली जात नाही. जाड दोरखंडासारखी ती करकरत, थोडी थोडी तुटते, आणि तो आवाज आपल्या डोक्याच्या आत होतो. मान एकदम हलकी झाली, इतकी की माझा तोल गेला. वेणी माझ्या हातात दिली तेव्हा ती अजून गरम होती. कुरिअरच्या दुकानात पोरानं पाकीट दाबून विचारलं, आत काय आहे. केस, मी म्हणाले. त्यानं हात मागं घेतला आणि पाकीट मलाच वजनकाट्यावर ठेवायला सांगितलं.

त्या रविवारी मी केमला गेले. आई दारातच थांबली. माझ्या डोक्यावरून, मानेवरून हात फिरवला.  विचारलं ते एवढंच, “जावई कुटं हायत?”

घरी आहेत, म्हटलं.

“फोन लाव.”

मी फोन लावला. तिनं यांचा आवाज ऐकला, जेवलात का विचारलं, आणि फोन माझ्या हातात दिला. मग पाठ फिरवून चुलीकडं गेली. जन्मभर विहारात वंदना म्हणणारी, शेजारणींचे नवस-सायास हसण्यावारी नेणारी माझी आई. केस गेलेले बघून तिला आधी जावईच आठवले होते. मला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही, कारण तोवर मी स्वतः तिच्यापेक्षा वाईट अवस्थेत होते. फ्लेक्सवर जे छापलं गेलं ते खरं करायला काहीतरी निघालं आहे, असं मला रोज वाटत होतं. वर्गात मुलींना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावणारी मी, सात रस्ता टाळून लांबच्या रस्त्यानं शाळेत जात होते.

मे महिन्यात श्रावणीला पुन्हा ताप आला. पांढऱ्या पेशी अगदी खाली गेल्या होत्या. तिला वेगळ्या खोलीत ठेवलं. मी रोज दुपारी दवाखान्यात जायचे, पण वर जायचं धाडस व्हायचं नाही. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायचे. बाहेर रस्ता पांढराफटक आणि निर्मनुष्य असायचा, डांबर चपलेला चिकटायचं. ड्युटी संपवून उतरणाऱ्या सिस्टर माझ्याकडं बघून ‘तसंच आहे’ एवढं सांगायच्या. तिथंच एक बाई मला भेटली. अक्कलकोटच्या पलीकडची, धनगर घरातली. तिला मराठी जेमतेम यायचं. तिची तीन वर्षांची मुलगी वॉर्डात श्रावणीच्या आधीच्या खाटेशेजारी होती, आणि आमच्या वर्गणीतून तिची औषधं येत होती. तिला ते कुणीतरी सांगितलं असावं. ती माझ्याजवळ बसायची. एकदा तिनं माझ्या केस कापलेल्या डोक्याला हात लावला आणि ‘कूदलू’ म्हणाली. केसांना कन्नडमध्ये कूदलू म्हणतात. मग हातानं वाढण्याची खूण केली, येतील, येतील. तिची मुलगी तीन दिवसांनी गेली. औषधं सगळी वेळेवर आली होती. त्या दिवशी मात्र मी वर गेले, तेव्हा खाटेवरची चादर बदललेली होती आणि त्या बाईचं गाठोडं खाटेखालून गेलेलं होतं. तिचं नाव मी विचारलंच नव्हतं.

अकरा दिवसांनी श्रावणीचा ताप उतरला. सिस्टर जिन्यावर थांबल्या आणि पहिल्यांदा ‘तसंच आहे’ म्हणाल्या नाहीत. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तिचा दाखला काढून नेलेला होता. उपचार पुढं दोन वर्षं चालले, ते मला लक्ष्मीकडून कळत राहिलं. मध्येच कधीतरी भाजीबाजारात भेटायची, दोन मिनिटं बोलायची. व्यंकटेशशी माझी गाठ पडली नाही. माझे केस थोडे थोडे वाढले. पूर्वीसारखे दाट ते झाले नाहीत.

आणि आता, गेल्या आठवड्यात, शिष्यवृत्तीच्या परीक्षेचं केंद्र आमच्या शाळेत होतं. शहरातल्या चार-पाच शाळांतल्या आठवीच्या मुली आल्या होत्या. माझ्या खोलीत तिसऱ्या ओळीत एक उंच मुलगी बसली होती. हजेरीवर सही घ्यायला गेले आणि नाव वाचलं. तिनं वर बघून मला ओळखीचं हसू दिलं. केस मानेपर्यंत, पूर्वीपेक्षा कुरळे. मला तिथून हलता येईना. खिडकीतून गरम झोत येत होता, पंखा तोच फिरवत होता. मुली पेननं उत्तरांचे गोल काळे करत होत्या.

पेपर संपायला वीस मिनिटं होती तेव्हा तिच्या प्रश्नपत्रिकेवर लाल थेंब पडला. मग दुसरा.

मी तिच्याजवळ कशी पोचले आठवत नाही. तिनं रुमाल नाकाला दाबला होता आणि दुसऱ्या हातानं गोल काळे करणं चालूच होतं. “घोळणा हाय, बाई. उन्हाचा,” ती हळू आवाजात म्हणाली. “सात प्रश्न राहिलेत.” मी ओला रुमाल तिच्या टाळूवर धरून उभी राहिले. उन्हाळ्यात दर वर्षी पाच-सहा मुलींचा घोळणा फुटतो. आम्ही डोक्यावर पाणी मारतो, कांदा हुंगायला देतो, विसरून जातो. माझ्या हाताखाली तिचं डोकं गरम होतं. ते ऊन होतं की ताप, मला ठरवता येईना.

रक्त थांबलं. पेपर गोळा करताना ती माझ्याकडं झुकली.

“पप्पांना सांगू नका, बाई. ते लगेच रक्त तपासायला नेतात. मग रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणी बोलत न्हाई.”

मी तिला हो किंवा नाही काहीच म्हणाले नाही. मुली वर्गाबाहेर पडल्या. फाटकाबाहेर व्यंकटेश गाडीला टेकून सावलीत उभे होते. केस पांढरे झालेले. तीन वर्षांपूर्वी मी त्यांना दिलेला शब्द मोडून तिला साऱ्या गावापुढं मांडलं होतं, आणि आता ती स्वतः मला गप्प राहायला सांगत होती. मी पटांगण ओलांडून त्यांच्याकडं गेले. आजूबाजूला बाकीचे पालक होते, म्हणून अगदी जवळ जाऊन हळू आवाजात सांगितलं. किती वाजता, किती वेळ, किती थेंब. त्यांनी मला मधे अडवलं नाही. श्रावणी मैत्रिणींशी बोलत येत होती. तिनं आम्हाला दोघांना एकत्र बघितलं आणि तिचं बोलणं थांबलं. त्यांनी तिच्या डोक्यावर स्वतःचा पांढरा गमछा टाकला आणि गाडी चालू केली. जाताना तिनं माझ्याकडं वळून बघितलं नाही.

त्यानंतरचे तीन दिवस मी रजेवर नव्हते, शाळेत जात होते, शिकवत होते. काय शिकवलं ते मुलींना विचारावं लागेल. यांनी दोनदा विचारलं काय झालं म्हणून. ऊन लागलंय, म्हणाले.

चौथ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडं मागांची खडखड होती, मग ती थोडी लांब गेली.

“बाई, श्रावणीचा पप्पा बोलतोय. पेशी बरोबर हायत. उन्हाचाच घोळणा होता.”

मी खुर्ची ओढून बसले. 

“तुमी हे आनि कुनाला सांगितलं?”

“नाही.”

“शिंदे सरांना?”

“घरीसुद्धा नाही.”

 मग ते म्हणाले, लक्ष्मी बोलवते आहे, रविवारी या. पोरगी तुमच्यावर रागावली आहे, पण या.

येते, असं मी म्हणाले नाही. आधी पुढची तपासणी कधी आहे ते विचारलं.

“जूनमधी,” ते म्हणाले.

मी खिडकीतून बाहेर बघितलं. रस्त्यावर माणूस नव्हतं. मार्च नुकताच लागला होता.